भुजादंड-कप्पी, बदली

मोटारगाडीच्या एंजिनातील भुजादंडाच्या पुढील टोकावर बसविलेल्या व पट्ट्याच्या द्वारे प्रत्यावर्तक, पाण्याचा पंप, वातानुकूलकाचा संपीडक इ. साहाय्यक यंत्रे चालविणाऱ्या कप्पीला भुजादंड-कप्पी म्हणतात. कारखान्यात बसविलेली मूळ कप्पी काढून तिच्या जागी दुसऱ्या उत्पादकाने बनविलेली, बहुधा वजनाने हलकी वा निराळ्या व्यासाची कप्पी बसविली, तर ती बदली कप्पी होय. कारागिरांच्या बोलीत भुजादंड म्हणजे क्रँकशाफ्ट व ही कप्पी म्हणजे क्रँक-पुली. शर्यतीच्या व हौसेच्या गाड्यांत हा बदल फार लोकप्रिय आहे. तो स्वस्त असतो, एंजिन न उघडता करता येतो आणि दोन-तीन तासांत पुरा होतो. मात्र पुष्कळ एंजिनांत ही कप्पी केवळ पट्टा फिरविणारे चाक नसते. भुजादंडाचा तुटण्यापासून बचाव करणारे साधन तिच्यातच सामावलेले असते. बाहेरून पाहता हे लक्षात येत नाही व त्यामुळे हा साधा दिसणारा बदल कित्येकदा महागात पडतो.

भुजादंडाचा पीळ : सिलिंडरातील ज्वलनामुळे दट्ट्यावर येणारा दाब संयोग दांड्याच्या द्वारे भुजादंडाला पोहोचतो व तो फिरतो. हा दाब सतत एकसारखा नसतो. प्रत्येक ज्वलनाबरोबर भुजादंडाला एक जोरदार झटका बसतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये दट्ट्यांचे वेग कमीजास्त होत असल्याने उलटसुलट बलेही येतात. भुजादंड पोलादाचा वा बिडाचा असला व हाताला कितीही ताठ वाटला, तरी अशा झटक्यांखाली तो अंशतः पिळला जातो व झटका ओसरताच उलगडतो. मागील टोकास जड प्रचक्र जोडलेले असल्याने ते टोक जवळजवळ समगतीने फिरत राहते. पुढील टोक मोकळे असते व पिळाची हालचाल तेथे सर्वांत अधिक होते. एखादी लवचिक काठी एका टोकाला मुठीत घट्ट धरून हलविली, तर जसे दुसरे टोक अधिक हेलकावते, तसाच हा प्रकार आहे; फरक इतकाच की, येथील हेलकावे आडवे नसून पिळाचे असतात. त्यांना परिपीडन कंपने म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि गाडीत बसलेल्यालाही बहुधा जाणवत नाहीत, कारण ती संपूर्ण एंजिनाला हलवीत नाहीत. ती भुजादंडाच्या आतल्या आत चालू असतात.

प्रत्येक भुजादंडाला त्याच्या ताठपणानुसार व त्याला जोडलेल्या वस्तुमानांनुसार परिपीडनाची एक नैसर्गिक कंप्रता असते. लहान मोटारींच्या एंजिनांत ती दर सेकंदास काही शे कंपने इतकी असते. चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनात दर फेऱ्यास दोन ज्वलने होतात. त्यामुळे फेऱ्यांच्या २, ४, ६, ८ अशा पटींतील झटके त्यात प्रमुख असतात. उदाहरणादाखल नैसर्गिक कंप्रता दर सेकंदास ४०० मानली, तर एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असता आठपटीचे, ४,००० फेऱ्यांस सहापटीचे व ६,००० फेऱ्यांस चौपटीचे झटके नेमके ह्या कंप्रतेशी जुळतात व अनुस्पंदन घडते. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेले लहान लहान झोके साठून मोठा हेलकावा होतो, तशी भुजादंडाची कंपने अशा वेगांना वाढत जातात. पट जितकी लहान तितके झटके सामान्यतः जोरदार असल्याने वरच्या वेगांचे अनुस्पंदन अधिक घातक ठरते. शर्यतीत एंजिन नेमके ह्याच वेगांच्या आसपास दीर्घकाळ फिरविले जाते. शिणवट्यामुळे धातूत बारीक भेग पडते, ती हळूहळू सरकते व एके दिवशी कोणतीही पूर्वसूचना न देता भुजादंड तुटतो.

पूर्वपीठिका : ह्या प्रश्नाकडे अभियंत्यांचे लक्ष प्रथम वेधले ते जहाजांमुळे. मळसूत्री पंख्यांचे लांब दंड अनाकलनीय रीतीने तुटत असत. हेर्मान फ्राम ह्या जर्मन अभियंत्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ह्या दंडांमधील परिपीडन कंपने मोजून दाखविली. मोटारींच्या बाबतीत सहा सिलिंडरांची एका ओळीतील एंजिने आली तेव्हा हीच अडचण उभी राहिली, कारण त्यांचा भुजादंड लांब व म्हणून पिळाच्या दृष्टीने लवचिक होता. डेमलर ह्या इंग्रज कंपनीचे सल्लागार फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० मध्ये ह्यावर एकस्व घेतले. भुजादंडाच्या पुढील टोकास त्यांनी एक लहान चक्र असे जोडले की, ते दंडाला ताठ बांधलेले नसून तेलात बुडालेल्या चकत्यांच्या घर्षणाने त्याच्याबरोबर ओढले जाई. दंड समगतीने फिरत असता चक्रही त्याच्यासोबत फिरे. दंड पिळाने थरथरू लागताच जड चक्र त्या थरथरीमागे धावत नसे व दोहोंतील घसरणीत कंपनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडे. पुढे १९२८ मध्ये ऑर्मंड्रॉइड व डेन हार्टोग यांनी अशा साहाय्यक वस्तुमानाचे गणिती विवेचन प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक संदमक ह्याच दोन विचारांवर, म्हणजे लँचेस्टर यांच्या घसरत्या चक्रावर व नेमक्या कंप्रतेला जुळविलेल्या स्थितिस्थापक जोडणीवर, आधारलेले आहेत.

मूळ कप्पीची रचना : आधुनिक मोटारीतील भुजादंड-कप्पी समोरून पाहिली असता मधला तुंबा व बाहेरचे कडे यांच्यामध्ये काळ्या रबराची एक वर्तुळाकार पट्टी पुष्कळदा दिसते. तुंबा भुजादंडाला घट्ट बसविलेला असतो. पट्ट्यासाठी खाचा पाडलेले बिडाचे जड कडे मात्र केवळ रबराने तुंब्याशी जोडलेले असते. अनोळखी माणसाला हे रबर आवाज कमी करण्यासाठी वा पट्ट्याला झटके बसू नयेत म्हणून घातले असावे असे वाटते. वस्तुतः कड्याचे वस्तुमान व रबराचा ताठपणा ही दोन्ही त्या विशिष्ट भुजादंडाच्या नैसर्गिक कंप्रतेला जुळवून ठरविलेली असतात. म्हणजे कड्याचे वजन हा कारखानदाराचा निष्काळजीपणा नसून ते हेतुपुरस्सर ठेवलेले असते. काही महागड्या बदली संदमकांत रबराऐवजी बंद पेटीत सिलिकोनाचा अतिश्यान द्रव भरलेला असून त्यात एक सुटे कडे तरंगत असते. लँचेस्टर यांच्या कल्पनेचेच हे रूप आहे. ते कोणत्याही एका कंप्रतेपुरते मर्यादित नसते, म्हणून भुजादंड, संयोग दांडे वा दट्टे बदललेल्या एंजिनाला ते अधिक सोयीचे पडते. अशी पेटी चेमटली, तर आतील कड्याची बारीक फट बंद होते व संदमक निरुपयोगी होतो.

सर्वच मूळ कप्प्या अशा नसतात. आखूड व ताठ भुजादंड असलेल्या काही लहान चार सिलिंडरी पेट्रोल एंजिनांत कारखान्यातूनच एकसंध पोलादी कप्पी येते. तेथे ती बदलण्यात ह्या दृष्टीने फारसे बिघडत नाही. डीझेल एंजिनांत ज्वलनाचे झटके तीव्र असल्याने चार सिलिंडरांवरही संदमक सामान्यपणे असतो, आणि सहा सिलिंडरांच्या सरळ ओळीच्या एंजिनात तो नसणे अपवादात्मक होय.

संतुलन व संदमन : ह्या साधनाला अमेरिकेत ‘हार्मोनिक बॅलन्सर’ असे नाव पडले आणि त्या नावाने बराच घोटाळा केला आहे. संतुलन म्हणजे फिरणाऱ्या वस्तुमानाचा मध्य अक्षावर आणणे. ते नसेल तर संपूर्ण एंजिन हादरते. संदमन म्हणजे दंडाच्या पिळाची थरथर शोषून घेणे. ह्या दोन गोष्टी अगदी स्वतंत्र आहेत. ‘आमचे एंजिन आतूनच संतुलित आहे, म्हणून त्याला संदमकाची जरूरी नाही’ हा हलक्या कप्प्यांच्या विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद म्हणूनच चुकीचा आहे. अचूक संतुलित भुजादंडही पिळला जातोच.

काही अमेरिकन व्ही-आठ एंजिनांत मात्र दोन्ही कामे एकाच भागाकडे सोपविलेली आहेत. शेव्हर्लेच्या लहान व्ही-आठ मालिकेतील ४०० घन इंचांच्या एंजिनात प्रतिभाराचा काही अंश पुढील संदमकात व मागील प्रचक्रात ठेवलेला असतो. ह्याच मालिकेतील ३०२ वा ३२७ घन इंचांच्या एंजिनाचा संदमक त्यावर चढतो खरा, पण एंजिन भयंकर हादरते. फोर्डच्या ३०२ घन इंचांच्या एंजिनात हा असमतोल आधी २८ औंस-इंच होता व १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी तो ५० औंस-इंच करण्यात आला. दोन्ही भाग बाहेरून सारखे दिसतात. आकड्याची खात्री केल्यावाचून असा भाग विकत घेऊ नये.

बदलाची कारणे व प्रत्यक्ष लाभ : बदली कप्पीची जाहिरात बहुधा अश्वशक्ती वाढविण्याच्या भाषेत केली जाते. तिची शहानिशा साध्या गणिताने करता येते. समजा, मूळ कप्पी २·४ किग्रॅ. असून तिचे वस्तुमान अक्षापासून सरासरी ५·५ सेंमी. अंतरावर आहे आणि ॲल्युमिनियमाची बदली कप्पी ०·७ किग्रॅ. असून तेच अंतर ५ सेंमी. आहे. दोहोंच्या निरूढी परिबलांतील फरक सुमारे ०·००५५ किग्रॅ.-चौ. मी. येतो. गाडीच्या चाकाची त्रिज्या २८ सेंमी. व पहिल्या गिअरमधील एकूण गुणोत्तर १४ धरले, तर वेग घेताना होणारा लाभ गाडीतून सुमारे १४ किग्रॅ. ओझे उतरविल्याइतका आहे. एकूण गुणोत्तर ४ असलेल्या वरच्या गिअरमध्ये तोच लाभ १ किग्रॅ.हून किंचित अधिक उरतो. गाडी एकसमान वेगाने चालत असता तो शून्य असतो. हजार किग्रॅ. वजनाच्या गाडीत पहिल्या गिअरपुरता दीड टक्का लाभ ही अगदीच टाकाऊ गोष्ट नव्हे. रिकाम्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच एंजिन चटकन वेग घेते आणि चालकाला फरक जाणवतो. परंतु ही जाणीव व वाढलेली शक्ती या एक नव्हेत. एंजिन निर्माण करीत असलेली शक्ती ह्या बदलाने तसूभरही वाढत नाही.

दुसरा प्रकार लहान व्यासाच्या कप्प्यांचा. व्यास २० टक्के कमी केला की, सर्व साहाय्यक यंत्रे तितक्याच प्रमाणात सावकाश फिरतात व त्यांच्यावर खर्च होणारी शक्ती खरोखरच वाचते. ह्याची किंमत मंदगतीला द्यावी लागते. एंजिन मिनिटास ८०० फेरे करीत असता प्रत्यावर्तक २,००० फेरे करीत असेल, तर नव्या कप्पीने तो १,६०० वर येतो. रात्री दिवे, पंखा व वातानुकूलक चालू असता विद्युत् घटमाला भरण्याऐवजी रिकामी होऊ लागते. पाण्याचा पंपही सावकाश फिरत असल्याने वैशाखातल्या उन्हात वाहतुकीच्या कोंडीत उभ्या असलेल्या गाडीचे एंजिन तापते. शर्यतीच्या मार्गावर सदैव वरच्या वेगाने फिरणाऱ्या एंजिनाला ह्यांपैकी काहीच बाधत नाही. म्हणून तेथे ही कप्पी योग्य व शहरात अयोग्य, असा निर्वाळा देण्यास हरकत नाही.

तिसरे कारण सर्वांत रास्त आहे व त्याची जाहिरात क्वचितच होते : मूळ कप्पीच जीर्ण झालेली असते. उष्णता व तेल यांमुळे रबर कडक होते, त्याला चिरा पडतात वा ते फुगून बाहेर येते. कडे तुंब्यावर घसरू लागले, म्हणजे संदमनाचे काम बिघडतेच, शिवाय कड्यावरील प्रज्वलनाची खूण आपल्या जागेवरून हलते व तिच्यावर विसंबून लावलेले कालमान चुकते. अखेरीस कडे सुटून पट्ट्याचे आवरण कापते. अशा वेळी तुल्यबळ संदमक असलेली बदली कप्पी हा उत्तम पर्याय असतो. अमेरिकेतील वेगशर्यतींच्या सुरक्षा-मानकांत ह्या भागासाठी एसएफआय १८·१ असे स्वतंत्र मानक आहे, कारण अतिवेगात फुटलेले कडे तोफगोळ्यासारखे उडते.

एकसंध हलकी कप्पी बसविल्याने होणारे नुकसान नेहमी भुजादंडाच्या मोडण्यानेच प्रकट होते असे नाही. भुजादंडाच्या पुढील टोकाशी जे जे जोडलेले असते त्या सर्वांना पिळाची थरथर पोहोचते. १९८९ मध्ये आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आर गाडीचे आरबी २६ हे सहा सिलिंडरांचे एंजिन ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्याचा तेलपंप भुजादंडाच्या पुढील टोकावरच्या सपाट कडांनी थेट फिरतो. वरच्या वेगाला पंपाची ठिसूळ दंतचक्रे ह्या थरथरीने फुटतात. तेल थांबते आणि काही क्षणांत धारवे जळून जातात. ह्या एंजिनात चांगला संदमक बसविणे व तो काढून हलकी कप्पी बसविणे ह्यांतील अंतर म्हणूनच संपूर्ण एंजिनाच्या किंमतीइतके आहे. हलकी कप्पी बसवूनही वर्षानुवर्षे सुखरूप चाललेली एंजिने पुष्कळ दाखविता येतात. शिणवट्याने होणारा बिघाड उशिरा येतो, हे त्यामागील एक कारण. ती एंजिने घातक वेगावर फारशी थांबतच नाहीत, हे दुसरे.

मूळ कप्पी काढणे : पहिली पायरी विद्युत् घटमालेची ऋण जोडणी सोडविण्याची. गाडी जॅकवर उचलल्यास तिला पक्के आधार द्यावेत. पट्टा काढण्यापूर्वी त्याचा मार्ग कागदावर काढून ठेवावा. अनेक यंत्रांवरून वळत जाणारा एकच पट्टा असेल तर आठवणीवर विसंबणे बरे नव्हे. काही गाड्यांत कप्पी लहान बोल्टांनी तुंब्याला जोडलेली असते व मधल्या मोठ्या बोल्टाला हात लावावा लागत नाही. माझ्दा एमएक्स-५ ह्या १९८९ मध्ये आलेल्या दोन आसनी गाडीत अशी चार बोल्टांची योजना आहे. इतर बहुतेक गाड्यांत मधला बोल्टच सोडवावा लागतो आणि कामातील खरा कस तेथे लागतो.

बोल्ट सोडविताना भुजादंड फिरू नये यासाठी कप्पीला धरणारे खास हत्यार वा प्रचक्राच्या दात्यांत अडकणारी अडकण वापरतात. होंडाच्या पुष्कळ कप्प्यांच्या तुंब्यात ५० मिमी.चा षट्‌कोनी खळगा त्यासाठीच ठेवलेला असतो. लांब दांड्याचा पाना गाडीच्या सांगाड्याला टेकवून स्टार्टर क्षणभर फिरवायचा व बोल्ट ढिला करायचा, ही गॅरेजांतील युक्ती धोक्याची आहे. शिवाय ती सर्वत्र चालतही नाही. बहुतेक एंजिने कप्पीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. होंडाची जुनी बी मालिकेतील एंजिने उलट फिरतात. त्यांच्यावर ही युक्ती केल्यास बोल्ट सुटण्याऐवजी अधिकच आवळला जातो.

बोल्ट निघाल्यावर कप्पी घट्ट असेल, तर पुलर वापरावा. पुलरची पकड तुंब्यावर असावी, कड्यावर नव्हे. कडे ओढले तर रबर फाटते. पहारीने एका बाजूने उचकटल्यास पुढचे आवरण तडकण्याची वा तुंबा तिरका अडकण्याची भीती असते.

तपासणी : कप्पी निघाली की भुजादंडाचे टोक, त्यावरील चावी व चावीची खाच आणि ऑइल सील यांची तपासणी करण्याची संधी मिळते. ती दवडू नये. सीलच्या ओठाने जुन्या तुंब्यावर चर पाडलेला असेल, तर नव्या तुंब्यासोबत सीलही नवे घालावे. चावीच्या खाचेची कड चेचलेली दिसली, तर काम तेथेच थांबवावे.

वर उल्लेखिलेल्या एमएक्स-५ च्या पहिल्या एंजिनांचा अनुभव येथे बोधप्रद आहे. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १·६ लिटर एंजिनांत भुजादंडाचे पुढील टोक आखूड होते. झडपांचा दातेरी पट्टा बदलताना मधला बोल्ट नीट आवळला गेला नाही, की तुंबा किंचित हलू लागे. मग चावी झिजे, खाच रुंदावे व झडपांचे कालमान सरके. चालकाला एवढेच जाणवे की, गाडीत पूर्वीचा जोर उरलेला नाही. कित्येक भुजादंड अशा रीतीने कायमचे बाद झाले, तर काही ठिकाणी लॉकटाइट ६६० सारख्या पोकळी भरणाऱ्या चिकटद्रव्याने खाच सावरून ते वाचविण्यात आले. पुढे कंपनीने टोक लांब केले आणि बोल्टाचे आवळ-परिबल सुमारे १०८–११८ न्यूटन-मीटरवरून १५७–१६७ न्यूटन-मीटरवर नेले. नव्या एंजिनाचा आकडा वाचून जुन्या एंजिनाचा बोल्ट आवळू नये, हे ओघानेच आले.

नवी कप्पी बसविणे : चावी पीळ वाहून नेते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः चावी कप्पीची जागा निश्चित करते. पीळ वाहून नेते ते बोल्टाच्या ताणामुळे दाबल्या गेलेल्या पृष्ठभागांचे घर्षण. १४ मिमी. व्यासाचा बोल्ट ११० न्यूटन-मीटरने आवळला असता त्यात सुमारे ४ टन भाराइतका ताण येतो. आटे कोरडे असतील तेव्हाचा हा अंदाज आहे. तेल लावलेल्या आट्यांत घर्षण कमी होऊन तेवढ्याच परिबलाने ताण ५ टनांच्या वर जाऊ शकतो. म्हणून आट्यांना व बोल्टाच्या डोक्याखाली तेल लावायचे की नाही, हे त्या एंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहूनच ठरवावे आणि परिबल टॉर्क पान्यानेच मोजावे. कप्पी व तुंबा यांचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग मात्र निखालस स्वच्छ हवेत. रंगाचा जाड थर किंवा कचऱ्याचा कणही पुरेसा असतो. काही दिवसांत तो दबून जातो व बोल्टाचा ताण उतरतो.

काही एंजिनांत चावी मुळीच नसते. माझ्दाची एल मालिका व तिच्याशी समान असलेली फोर्डची २ लिटर ड्युराटेक एंजिने ह्या प्रकारची आहेत. त्यांत कप्पी व झडपांची साखळी चालविणारे दंतचक्र दोन्ही केवळ मधल्या बोल्टाच्या दाबाने भुजादंडावर धरलेली असतात. बोल्ट ढिला करताच दंतचक्र मोकळे होते व झडपांचे कालमान हरवते. म्हणून आधी पहिला दट्ट्या शीर्षबिंदूवर आणून भुजादंड व कॅमदंड यांना त्यांच्या ठरलेल्या खिळी व पट्टी यांनी जागच्या जागी धरतात आणि कप्पीच्या भोकातून पुढील आवरणात ६ मिमी.चा बोल्ट घालून तिची जागा पक्की करतात. मोठा बोल्ट सोडविण्याचा वा आवळण्याचा जोर ह्या खिळीवर येऊ देऊ नये. बोल्ट दर वेळी नवा वापरावा लागतो, कारण तो १०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळून नंतर आणखी ९०° फिरवितात व त्यात तो कायमचा ताणला जातो. शक्ती वाढविलेल्या एंजिनांत घसरण टाळण्यासाठी हिऱ्याच्या बारीक कणांचे आवरण असलेल्या पातळ चकत्या सांध्यात घालतात. असे एंजिन असता केवळ हौसेखातर कप्पी बदलणे शहाणपणाचे नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्ही-आठ एंजिनांत तुंबा दाबून घट्ट बसवावा लागतो. त्यासाठी भुजादंडाच्या आट्यांत पूर्ण खोलीपर्यंत शिरणारा स्क्रू, त्यावरचा नट व गोळ्यांचा धारवा असे साधे हत्यार मिळते. हातोड्याने ठोकून बसविण्याची रीत अजूनही आढळते. तिच्यामुळे भुजादंडाच्या अक्षीय रेटा घेणाऱ्या धारव्याला मार बसतो व कडे रबरावरून सरकते. कप्पीच्याच बोल्टाने ओढून बसविणेही अयोग्य, कारण सुरुवातीला त्याचे दोन-चारच आटे पकडीत असतात व ते उपटून निघतात.

कप्पी बसल्यावर तिच्या खाचा इतर कप्प्यांच्या खाचांशी एका पातळीत आहेत की नाहीत, हे सरळ पट्टी लावून पाहावे. एखाद्या मिलिमीटरचा फरकही पट्टा ओरडण्यास व त्याच्या कडा झिजण्यास पुरतो. लहान व्यासाच्या कप्पीला आखूड पट्टा लागतो. प्रज्वलनाची खूण नव्या कप्पीवर असली, तरी ती खरी आहे असे गृहीत धरू नये. पहिला दट्ट्या शीर्षबिंदूवर आणून ती पडताळावी. बीएमडब्ल्यूच्या एम५० ह्या सहा सिलिंडरी एंजिनात प्रज्वलनाचा क्षण ठरविणारे दातेरी कडे पुढील संदमकावरच असते. ६० दात्यांच्या जागांपैकी २ मोकळ्या सोडलेल्या ह्या कड्याला समोरचा संवेदक वाचीत असतो. ते नसलेली कप्पी बसविली तर एंजिन सुरूच होणार नाही आणि कडे डगडगत असेल तर ते अडखळत चालेल.

एंजिन सुरू केल्यावर प्रथम मंदगतीला कप्पीकडे बाजूने पाहावे. ती डुलताना दिसली तर लगेच बंद करावे. नंतर हळूहळू वेग वाढवून पट्ट्याचा आवाज, विद्युत् घटमाला भरली जात असल्याची खूण व पाण्याचे तापमान पाहावे. शंभर-दोनशे किमी. चालविल्यावर पट्ट्याचा ताण पुन्हा तपासावा, कारण नवा पट्टा आरंभी सैल पडतो. मधला बोल्ट मात्र ‘खात्रीसाठी’ पुन्हा पुन्हा आवळत बसू नये. त्याच्या डोक्यावर व कप्पीवर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली की, तो हलला असल्यास रेघ तुटलेली दिसते. तशीच एक रेघ तुंबा, रबर व कडे यांच्यावरून ओढली, तर कडे घसरू लागल्याचेही वेळीच कळते. काढलेली मूळ कप्पी भंगारात न देता कापडात गुंडाळून, आडवी व तेलापासून दूर ठेवून द्यावी.